चाचांच्या नावावरचा रविवार

हे लिहावं की नाही, यातच बरेच दिवस गेले. आमच्या घरात अर्जापलीकडं कुणी काही लिहिलेलं नाही, आणि अर्जसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घेतलेले. कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आपली आठवण कुणी वाचावी असं वाटणं हाच मला आगाऊपणा वाटतो. शिवाय ही आठवण माझ्या एकट्याची नाही. ज्यांची आहे त्या चाचांना विचारून लिहायला हवं होतं, तेवढं धाडस झालं नाही. न विचारता काही करायची ही माझी दुसरी वेळ. वाचणाऱ्यांनी माफ करावं.

तामलवाडीजवळ सोलापूर रस्त्यावर दादांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, पंक्चरचं दुकान आहे. मी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा आमच्या भागातल्या एका कचेरीत जुन्या कागदांचं स्कॅनिंग सुरू झालं. कोणती कचेरी ते लिहीत नाही. निजामाच्या काळातली जमिनीची रजिस्टरं, सगळी उर्दूत. त्यांचं पानन् पान संगणकात घ्यायचं, वर गावाचं नाव, साल आणि शेत मराठीत टाकायचं. एका एजन्सीमार्फत मला संगणकावर बसायचं काम मिळालं. एजन्सीनं इंग्रजीत छापलेल्या एका कागदावर सही घेतली. मला इंग्रजी वाचता येतं. मी वाचलं नाही.

रजिस्टरं वाचायला चाचा होते. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. कचेरीतले लोक त्यांना गुरुजी म्हणत, मी चाचा. अशी जुनी उर्दू वाचणारे आता हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच राहिलेत, म्हणून सरकारी यादीत त्यांचं नाव होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. नियमानं मूळ पान उघडायचा अधिकार वाचणाऱ्याला, त्यामुळं संगणकातला आयडी त्यांच्या नावानं निघाला. पण चाचांना माऊस काही जमला नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी पासवर्डची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. रोज सकाळी मी त्यांच्या नावानं आत जायचो, ते वाचायचे, मी टाइप करायचो. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. रेकॉर्ड सांभाळणाऱ्या अव्वल कारकून मॅडम चेष्टा करायच्या, की दोघांत मिळून एक पासवर्ड. त्यावर चाचा म्हणायचे, "डोळे माझे, बोटं पोराची. दोघांचा मिळून एकच मानूस झालाय, मॅडम."

रजिस्टरमध्ये कुठपर्यंत आलो याची खूण म्हणून चाचा एसटीची तिकिटं घालायचे. दर शनिवारी संध्याकाळी ते मुरुमला लेकीकडं जायचे आणि सोमवारी सकाळी परत यायचे. ती जायची-यायची तिकिटं टाकून न देता पानांत जायची.

त्यांचे आजोबा त्या काळी एका पटवाऱ्याच्या हाताखाली लिहायला होते. त्यांच्या गावची रजिस्टरं त्याच खोलीत, खिडकीकडच्या कपाटात होती. आजोबांचं अक्षर चाचांनी कधी पाहिलेलं नव्हतं. चाचांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. एकदा मी म्हणालो, चाचा, मॅडम जेवायला गेल्यात, काढू का ते रजिस्टर, दोन मिनिटांचं काम आहे. चाचांनी चष्मा काढला.

"न्हाय बेटा. आपल्या कामासाठी सरकारचं कपाट उघडायचं न्हाय. नंबरानं येईल तवा बघू."

हे मी ऐकलं होतं. तरी पुढचं केलं, म्हणून इथं लिहिलं.

कॉलेजच्या प्रोजेक्टला मला विषय मिळाला तो चाचांमुळंच. रजिस्टरांतली सालं 'फसली' सनाची, म्हणजे निजामाच्या महसुली वर्षाची. चाचा तोंडी हिशेब करायचे. फसलीत पाचशे नव्वद मिळवले की इंग्रजी साल येतं, पण ते वर्षाच्या सुरुवातीलाच. आजूर, दय हे पहिले दोन महिने गेले की बहमन महिन्यात मधेच जानेवारी लागतो, तिथून पुढं पाचशे एक्क्याण्णव. नवी पोरं इथंच चुकतात, असं ते म्हणायचे. मी ठरवलं, महिना आणि फसली साल टाकलं की इंग्रजी साल देणारा प्रोग्राम करायचा, आणि रजिस्टरातल्या पानांवर तो तपासून दाखवायचा.

घरी संगणक नव्हता. कॉलेजची लॅब रविवारी बंद. कचेरी मात्र त्या दिवसांत स्कॅनिंगसाठी रविवारीही उघडी असायची. सलग चार रविवार मी दुपारी स्कॅनिंग उरकून तिथंच प्रोजेक्टला बसलो. लागणारं सॉफ्टवेअर कचेरीच्या संगणकात टाकलं. चौथ्या रविवारी पेनड्राइव्ह लावून चारशे बारा पानं उतरवून घेतली. चाचा मुरुमला होते. आयडी त्यांचाच होता. चोरी करतोय असं वाटलं नाही. कुणी विचारलं तर सांगू, एवढंच वाटलं. कुणी विचारलं नाही.

तो पेनड्राइव्ह कॉलेजच्या लॅबमध्ये फिरलेला होता. तिथल्या कुठल्याही पेनड्राइव्हमध्ये असतो तसा व्हायरस त्यातही होता. सोमवारी सगळ्या फायलींचे नुसते शॉर्टकट झाले. दोन दिवस काम बंद. जिल्ह्याहून माणूस आला, त्यानं संगणक तपासला आणि कोणत्या दिवशी, कोणत्या आयडीवरून, किती पानं बाहेर गेली याची यादी काढून मॅडमच्या टेबलावर ठेवली. यादीत नाव एकच होतं.

गुरुवारी चाचांना नोटीस मिळाली. अक्षर बारीक होतं. त्यांनी ती माझ्याकडं दिली आणि वाच म्हणाले.

मी वाचली. आपल्या आयडीवरून सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय शासकीय अभिलेखांच्या प्रती घेतल्याचं निदर्शनास आलं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम त्रेचाळीस आणि सहासष्टखाली आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटत होता. चाचा ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "रविवारी इथं कोण बसलं होतं, बेटा?"

"ठावं न्हाय, चाचा."

 ते बरं म्हणाले, नोटिशीची घडी घालून खिशात ठेवली आणि पुढचं पान वाचायला घेतलं. मी टाइप करत राहिलो. त्यांच्या नावानं.

त्या दिवसांत मी मोबाईलवर ती दोन्ही कलमं इतक्यांदा वाचली की पाठ झाली. मालकाच्या किंवा ताबा असणाऱ्याच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं, त्यातली माहिती उतरवून घेणं, त्यात व्हायरस सोडणं, हे सगळं त्रेचाळीसमध्ये येतं. भरपाई द्यावी लागते. तेच लबाडीच्या हेतूनं केलं तर सहासष्ट, तीन वर्षांपर्यंत कैद. माझा हेतू लबाडीचा नव्हता असं मी स्वतःला समजावायचो. पण चाचांनी विचारल्यावर जे बोललो त्याला दुसरं काय म्हणायचं? पोलिसांत नाव गेलं की सरकारी नोकरी विसरायची, हेही माहीत होतं. दादा दुकानावर येईल त्याला सांगायचे, की पोरगं कचेरीत संगणकावर बसतंय.

दादा पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबून बुडबुडे बघत होते, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी हात पुसले नाहीत, वरही बघितलं नाही.

"त्या म्हाताऱ्यानं तुझं नाव घेतलंय का?"

"न्हाय."

"मग तू घे."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे नोटिशीच्या सहाव्या दिवशी, लवकर जाऊन मी चाचांचं रजिस्टर उघडलं. तिकिटं पानांत होती. त्या शनिवारचं मुरुमला जायचं आणि सोमवारी सकाळचं यायचं, दोन्ही सापडली. रविवारी चाचा कचेरीत नव्हते, याचा यापेक्षा वेगळा पुरावा लागला नसता. ती तिकिटं, पेनड्राइव्ह आणि वहीच्या पानावर लिहिलेला जबाब घेऊन मी मॅडमपुढं उभा राहिलो. जबाबात लिहिलं होतं, की पानं मी उतरवली, स्वतःच्या प्रोजेक्टसाठी, कुणालाही न विचारता.

मॅडमनी तो दोनदा वाचला. आजवर त्या माझ्याशी कधी कठोर बोलल्या नव्हत्या. "सही करायच्या आधी विचार कर. हे पोलिसांकडं जाणार," असं म्हणून त्यांनी पेन पुढं केलं. मी सही केली. मग त्यांनी सांगितलं, की गुरुजींचा खुलासा परवाच आलाय, तो वर पाठवलाय. त्यात काय आहे ते सांगितलं नाही. मला विचारायला सुचलं नाही. मला वाटलं, मी नव्हतो असंच त्यांनी लिहिलं असणार, आणि तिकिटांमुळं ते आता खरं ठरेल.

पोलीस ठाण्यात माझा जबाब पुन्हा घेतला. पेनड्राइव्ह पंचनामा करून जप्त झाला. संगणकाला सील लागलं. हवालदारांनी विचारलं, पानं कुणाला विकली का? नाही म्हणालो. मग कशाला पाहिजे होती? फसली सालाचं सांगायला लागलो तर ते म्हणाले, बस्स, बस्स, प्रोजेक्ट एवढंच लिहितो. गुन्हा दाखल करायचा की नाही ते चौकशीनंतर ठरेल, बोलावलं की यायचं. एजन्सीनं त्याच दिवशी काढून टाकलं. कॉलेजच्या सरांनी विषय बदलून दिला, ग्रंथालयातल्या पुस्तकांची नोंद. तो प्रोजेक्ट पास झाला.

चाचांच्या घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, मुरुमला लेकीकडं गेलेत. धीर करून फोन लावला. माफी मागायची वाक्यं मी लिहून ठेवली होती. चाचांनी ती म्हणूच दिली नाहीत. पेपर कसे गेले, दादांचा दम्याचा त्रास कमी आहे का, असंच विचारत राहिले. डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणाले. शेवटी एवढंच बोलले, "आता लांबचं बारीकबी दिसतंय, बेटा."

आठ महिने गेले. पोलिसांचं बोलावणं आलं नाही. 

मागच्या महिन्यात मॅडमचा फोन आला, मी दुकानावर होतो. चौकशी संपली म्हणाल्या. लबाडीचा हेतू आढळला नाही, तुझ्यावर गुन्हा दाखल होणार नाही, लेखी ताकीद पोस्टानं येईल. मी विचारलं, हेतू नाही हे कशावरून ठरलं?  मग गुरुजींच्या खुलाशातली ओळ त्यांनी मला वाचून दाखवली. रविवारी मी मुरुमला होतो. संगणकावरच्या मुलानं फोन करून विचारलं, मी हो म्हणालो. परवानगी माझी.

मी म्हणालो, मॅडम, हे खरं नाही, मी जबाबात लिहिलंय. त्या म्हणाल्या, तुझा जबाब नंतरचा. गुरुजींना वाचवायला तू तसं लिहिलंस, असं सगळ्यांनी धरलं.

आणि गुरुजींचं काय, असं मी विचारलं. अशी परवानगी द्यायचा अधिकार त्यांना नव्हता, मॅडम म्हणाल्या. वाचणाऱ्यांच्या यादीतून त्यांचं नाव काढलंय. आता जिल्ह्यात कुठंच त्यांना रजिस्टर उघडता येणार नाही. खिडकीकडच्या कपाटातली रजिस्टरं सोमवारी काढणार आहेत, वाचायला बाहेरून दुसरं कुणी येतंय.

त्या रविवारी मी चाचांना फोन केलेला नव्हता.