निळं पडलेलं पाणी

मंजुळा गांगुर्डे कल्याणच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट होती. बावीस वर्षं ती काचसामान धूत आली, आणि तिथल्या विद्वानांच्या लेखी ती बेसिनचाच एक भाग होती.

विभागप्रमुख मृणाल मॅडमनी सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा सेन्सर बनवला होता. बनवला म्हणजे, त्यावर भाषणं दिली. लाल द्रावण, पाण्यात शिसं असलं की निळं पडायचं. पण चंबूला जरा मळ राहिला तरी सगळं नासायचं. पीएचडीवाल्या पोरांचं चारदा नासलं. मंजुळाने चंबू आम्लाने धुऊन स्वतः केलं तेव्हा कुठे ते जमलं. बातमीच्या फोटोत मात्र पोरं होती.

एकदा तिने डोंबिवलीतल्या आपल्या चाळीच्या हातपंपाचं पाणी त्यात टाकलं. द्रावण निळं पडलं.

"अगं, खारट पाण्यानेही पडतं," मोबाइलवरची नजर न काढता मॅडम म्हणाल्या. "तुला त्यातलं काय कळणार?"

"म्हणून पाण्यात आधी ईडीटीए टाकून पाहिलं, मॅडम. ते शिशाला धरून ठेवतं, मिठाला नाही. मग लालच राहिलं. मिठामुळे असतं तर तरीही निळं पडलं असतं."

मॅडमना अचानक मीटिंग आठवली.

मंजुळाने बाटली वागळे इस्टेटमधल्या एका तपासणी लॅबमध्ये दिली. रिपोर्ट आला: शिसं मर्यादेच्या सहापट. तो घेऊन ती पाणीखात्यातल्या एका साहेबाकडे गेली.

"पाणी तर एकदम क्लीन दिसतंय," साहेब बाटली उजेडात धरून म्हणाला. जणू शिसं पाटी लावून पोहतं.

"दिसलं असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

"अर्ज देऊन जा."

अर्ज देऊन ती घरी आली आणि शेजारच्या शीलाला घेऊन पान्याने हातपंपाचा दांडा काढून टाकला. चाळ खवळली. "मोठी सायंटिस्ट लागून गेली!" तिच्यामुळे बायकांना दोन गल्ल्या पलीकडून हंडे आणावे लागत. मंजुळा शिव्या ऐकत चाळीतल्या म्हाताऱ्या शिवरामचेही हंडे वाहायची. रात्री खांदे ठणकायचे, पण दांडा तिने दिला नाही.

बाराव्या दिवशी टँकर आला, दोन महिन्यांनी नळ. उद्घाटनाला तोच साहेब हार घालून उभा.

पुढे मॅडमचा शोधनिबंध छापून आला. त्यात चाळीचं पाणी होतं, ईडीटीएची युक्ती होती. मंजुळाचं नाव नव्हतं. शीला भडकली, "भांड जाऊन!"

"कशाला? नावाशिवाय आहे काय त्यांच्याकडे?" मंजुळा म्हणाली आणि नळाखाली हंडा लावला.