एकावर एक तीन ठिपके

धाकटी पहिल्यांदा हँगरमध्ये, म्हणजे विमान ठेवायच्या शेडमध्ये, आली ती ताईचा विसरलेला डबा द्यायला. डबा दिला, पाच मिनिटं इकडेतिकडे बघितलं, आणि विमान शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, "काय गं, बसतेस का?" झालं. बसली, एक चक्कर मारून आली, आणि तिथून पुढे घरात दुसरा विषयच उरला नाही.

थोरली तेव्हा त्याच विमानाखाली पाठीवर पडून ऑइल काढत होती. सहा वर्षं ती तिथे होती. हँगरमध्ये चार सीटचं ते एकच विमान, त्याचा नट न् नट तिच्या हाताखालून गेलेला. पण "बसतेस का?" असं तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. एकदासुद्धा नाही.

शाळा तिने स्वतःच सोडली होती, नववीत. कुणी सोडायला लावली नाही. वर्गात बूडच टेकायचं नाही. बाई फळ्यावर गणित घालायच्या आणि हिचं लक्ष खिडकीबाहेर, पाण्याचा पंप का कुंथतोय तिकडे. एक दिवस गेलीच नाही. त्यामुळे आता दोष द्यायला कुणी नव्हतं, म्हणून जळजळ आणखीच व्हायची.

आई शेजारच्या काकूंना सांगायची, "आमची धाकटी विमान चालवायला शिकते." मग जरा थांबून, "थोरलीपण तिथेच असते."

असते! कोपऱ्यात कुंडी असते तशी.

थंडी पडली आणि धाकटीची नवी कटकट सुरू झाली. उतरली की डोकं धरायची.

"ताई, कपाळ फुटतंय गं. मळमळतंय पण."

"हो ना, बसून बसून दमली असशील. मी सकाळपासून उभी आहे, मला बघ काही झालंय का!"

घरी आई तिचं कपाळ चेपून द्यायची. थोरली नखांतलं ग्रीस काढत बघत राहायची. एकदा तर धाकटी हवेत इतकी गोंधळली की रेडिओवर एकच प्रश्न तीनदा विचारला. सरांनी चांगलंच झापलं. त्या दिवशी थोरलीला दोन घास जास्त गेले. खोटं कशाला बोला.

मग धाकटीच्या परीक्षेचा दिवस आला. परीक्षक लांबून येणार होते, आजची संधी हुकली तर पुढची तीन महिन्यांनी. आई ठेवणीतले कपडे घालून हँगरमध्ये खुर्ची टाकून बसली होती. थोरली विमानात आतून काच पुसत होती. बाहेर सर आईला सांगत होते, "अहो, हिचं लँडिंग असलं की उतरल्यावर माझंही डोकं दुखतं!"

सगळे हसले. थोरलीचा हात काचेवरच थांबला.

दोघांचंही?

समोरच्या पट्टीवर धुराचं कार्ड चिकटवलेलं असतं. मध्ये बिस्किटाच्या रंगाचा ठिपका. इंजिनातला विषारी वायू आत आला की तो काळा पडतो. त्या वायूला ना वास ना रंग, आपलं नाक काही सांगत नाही, म्हणून तो ठिपका. दर वेळी नवीन कार्ड लावलं की थोरली त्यावर बॉलपेनने तारीख घालायची. हा ठिपका एकदम स्वच्छ होता. पण तारीख नव्हती.

तिने नखाने कार्ड उचकटलं. खाली आणखी एक कार्ड, त्याचा ठिपका करडा. त्याच्याखाली आणखी एक. त्यावर तिच्याच अक्षरात तारीख, आणि ठिपका तव्यासारखा काळा.

"ए, इकडे ये." तिने धाकटीला हाक मारली. "हे कुणी लावलं?"

"मीच. घाण दिसत होतं गं. सर म्हणाले उन्हाने काळं पडतं, कपाटातलं नवीन लाव."

"दोनदा?"

"परत काळं पडलं म्हणून!"

थोरली खाली उतरली. तिच्या हातात एकच अधिकार होता: विमानाच्या नाकावरच्या पंख्याला लाल फडकं बांधायचं. ते बांधलं की विमानाला सरांनीसुद्धा हात लावायचा नाही, हा सरांचाच नियम. तिने फडकं उचललं. आणि तिला नीट कळलं, की हे बांधलं तर सगळे एकच म्हणणार, बहिणीवर जळते म्हणून बांधलं. त्याहून वाईट म्हणजे तिला स्वतःलाही खात्री नव्हती की ते खोटं असेल.

तरी गाठ मारली. घट्ट.

"आजच?" धाकटीचा आवाज चिरकला. "सहा महिने तोंड वाकडं करून बघतेयस, आणि आजच?"

"अगं, आजच्या दिवशी तरी नको," आई म्हणाली.

ते 'तरी' थोरलीच्या काळजात खिळ्यासारखं घुसलं. सरांनी घड्याळ बघितलं. "वीस मिनिटं. दाखव काय ते."

या विमानाचा हीटर म्हणजे साधं काम. सायलेन्सर तापतो, त्याभोवती पत्र्याचं आवरण, त्यातली गरम हवा आत पायाशी येते. सायलेन्सरला चीर गेली तर हवेबरोबर धूरही आत. उन्हाळ्यात हीटर बंद, म्हणून तेव्हा कुणाचं डोकं दुखलं नाही.

तिने इंजिनवरचं झाकण काढलं, व्हॅक्यूम क्लीनर उलटा जोडून धुराच्या पाइपात हवा सोडली आणि पाइपांच्या सांध्यांवर साबणाचं पाणी ओतलं. चीर असेल तिथे फेस यायला हवा.

काहीच आलं नाही.

"झालं समाधान?" धाकटी म्हणाली. डोळे भरले होते तिचे.

"आवरण काढायचंय अजून."

"पुरे आता," सर म्हणाले.

"सर, फडकं बांधलंय."

सर मागे सरकले. तिने एकेक स्क्रू काढला, पत्रा बाजूला केला, पाणी ओतलं. एका सांध्यापाशी आधी एक बुडबुडा आला, मग दहा, मग नुसता फेस. तो सांधा गेल्या वर्षी तिनेच वेल्ड केला होता. सरांनी पाठ थोपटलेली, तोच. वेल्डच्या कडेने बोटभर चीर.

"माझंच काम आहे," ती म्हणाली.

सरांनी वाकून बघितलं आणि ते तिथेच टायरवर बसले. "महिनाभर आम्ही दोघं हे हुंगत होतो? वर शुद्ध गेली असती तर..." आईने धाकटीचा हात असा पकडला, की सोडेचना.

परीक्षक आले तसे परत गेले. संध्याकाळी भांडी विसळताना धाकटीने विचारलं, "फडकं बांधताना बरं वाटलं ना तुला?"

"वाटलं," थोरली म्हणाली. "थोडंसं. फेस दिसेपर्यंत."

धाकटीने ओल्या हातानेच तिला एक चापट मारली. विषय संपला.

नवा सायलेन्सर बसला. सरांनी त्या विषारी वायूचा आकडा वाढला की किंचाळणारा मीटर आणला. पहिल्या फेरीला हीटर पूर्ण सोडून बघायचं ठरलं. धाकटी पुढे, शेजारी सर.

"मीटर धरून मागे कोण बसणार?" सरांनी इकडेतिकडे बघितलं, आणि मग थोरलीकडे. "काय गं, बसतेस का?"

ती हात न पुसताच बसली.

विमान वर गेलं. धाकटीचे हात किती सहज फिरत होते! थोरलीला हेवा वाटला, अजूनही.

"ताई, खाली बघ ना! आपलं घर दिसतंय!"

"तू पुढे बघ," थोरली म्हणाली. मीटर तिने दोन्ही हातांत धरला होता. "मी शून्य बघतेय."