मामांचे लोकरी जोडे

आमच्याकडे भाची मामाच्या पाया पडत नाही. मामाच भाचीच्या पाया पडतो. मी तीन महिन्यांची असताना माझ्या पायांपुढे एक धडधाकट शेतकरी वाकला होता, असं आई सांगायची. आता मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. लातूरहून कंधारला गेले की मामा अजूनही वाकतात. फरक इतकाच, की आता उठताना त्यांना माझा हात लागतो.

गेल्या वर्षी रक्तातल्या साखरेने मामांच्या पायांची जाणीव गेली. अंगठ्याला ठेच लागली, ती जखम चार महिने भरेना. डॉक्टर म्हणाले, घरातसुद्धा अनवाणी फिरू नका, पुढच्या वेळी अंगठा काढावा लागेल. मामांनी मान डोलावली आणि घरी येऊन उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. घरात देव आहेत, तिथे चप्पल चालत नाही. ‘‘अंगठ्याचं देव बघंल,’’ म्हणाले. देवाला जणू दुसरं कामच नव्हतं.

मग मला लोकरीचे जोडे सुचले. पूजेला लोक घोंगडीवर बसतात, म्हणजे लोकर देवाला चालते. लातुरात थंडी जेमतेम पडते, त्यामुळे दुकानात बरा म्हणावा असा एकच रंग होता, वाळल्या मेंदीचा. लोकरीत थोडं नायलॉनही होतं. दुकानदार म्हणाला, ‘‘ताई, गरम पाण्यात घालू नका, आटंल.’’ म्हटलं, मला आटवायचीच आहे. त्याने लोकर पिशवीत घातली.

विणलेली लोकर गरम पाण्यात साबण लावून घुसळली की आटते आणि बुरणुसासारखी जाड, घट्ट होते. म्हणून आधी दीडपट मापाने विणावं लागतं. मामांचे जोडे विणून झाले तेव्हा नवऱ्याने ते उचलून पाहिले आणि विचारलं, ‘‘मामांना भेटून इतके दिवस झाले, की पायाचं मापही विसरलीस?’’

आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. त्यातलं मी तापवून मशीनमध्ये ओतलं, आणि घासायला सोबत म्हणून नवऱ्याची जुनी जीन्स टाकली. नायलॉनमुळे लोकर हट्टाला पेटली. पहिल्या धुण्यात फक्त जीन्सचा रंग गेला. तिसऱ्या धुण्याला मात्र टाके दिसेनासे झाले आणि जोडे मामांच्या मापावर आले. घसरू नये म्हणून मी तळाला रबर शिवलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

कंधारला मामांनी जोडे हातात घेतले, दाबून पाहिले, कपाळाला लावले आणि देवघरात नेऊन ठेवले.

‘‘मामा, ते पायात घालायचे आहेत.’’

‘‘भाचीच्या हातचं पायात घालू व्हय, माय? पाप लागतंय.’’

इतके दिवस मी देवाला काय चालतं याचा विचार करत होते. मामांना काय चालतं हे डोक्यातच आलं नव्हतं. मला त्यांचा राग आला, माझाही आला. मी जोडे उचलून आणले, खुर्चीतल्या मामांसमोर फरशीवर बसले आणि त्यांचा पाय मांडीवर ओढला. मामी ओरडल्या, ‘‘अगं बाई, काय करून राहिलीस?’’ मामा पाय सोडवायला लागले. मी सोडला नाही.

टाचेत एक बारीक खिळा रुतला होता. भोवती रक्त वाळलेलं होतं.

‘‘मामा, हे कधी लागलं?’’

‘‘काय लागलं?’’ मामांनी विचारलं.

मी खिळा उपसला, तरी त्यांचा चेहरा तसाच. मामींनी पाणी आणलं, जखम धुतली, कापसाची पट्टी बांधली. मला इतकी भीती वाटली की रडूच आलं. मी खिळा मामांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी बोटाने त्याचं टोक चाचपलं.

पट्टीवरून मी हळूच एक जोडा चढवला. मामांनी देवघराकडे एकदा हात जोडले आणि दुसरा पाय आपणहून माझ्या मांडीवर ठेवला.