नाताळच्या कार्डावरचं मेंढरू

आम्ही निघालो त्या सकाळी मामा मेंढरं घेऊन रोजच्यापेक्षा लवकर गेले. मामा म्हणजे माझे सासरे. सिल्लोडच्या पुढं, फाट्यापासून आत आमची वस्ती आहे. फाट्यावर आम्हाला सोडायला आत्याबाई एकट्याच आल्या. सासूला मी पहिल्यापासून आत्याबाईच म्हणते. त्यांनी पिशवीत भाकरी दिल्या, ज्वारीच्या पिठाचं गाठोडं दिलं, तेजूच्या, माझ्या लेकीच्या, डोक्यावरून हात फिरवला. एसटी आली तेव्हा मला एवढंच म्हणाल्या, "मागं बघू नको. बघून काय व्हतंय?"

मी बघितलं नाही. गाडीतल्या बायकांना वाटलं असेल, हिनं मन घट्ट केलंय. तसं काही नव्हतं. घट्ट करायला आत काहीतरी लागतं. मी खिडकीतून मक्याच्या पोत्यांचे ट्रक बघत होते आणि तेजूला उलटी होईल का, एवढाच विचार करत होते.

आत्याबाई, हे तुमच्यासाठी लिहितेय. तेजू सुट्टीत आली की वाचून दाखवील. आणि माझ्यासारख्या ज्या कुणी गाठोडं घेऊन शहरात उतरल्या, त्यांच्यासाठीही.

तेजूचे पप्पा त्या उन्हाळ्यात गेले. पिकअप चालवायचे, मका न् कापूस सिल्लोडच्या बाजारात पोचवायचे. कावीळ झाली, ती उतरलीच नाही. अंगणात बायका जमल्या तेव्हा सगळ्यांची नजर माझ्यावर होती. मी रडले नाही. नंतर पाणवठ्यावर त्याची चर्चा झाली. कुणी म्हणालं, धक्का बसलाय. कुणी म्हणालं, दगड आहे. दोन्ही मला पटायचं.

मंगलताई, माझी नणंद, शहरात गारखेड्याला राहते. तिनं निरोप धाडला की वरची खोली रिकामी आहे, वहिनीनं यावं, तेजूला इथल्या शाळेत घालू. मामांना ते रुचलं नाही. जायच्या आदल्या दिवशी ते जेवता जेवता थांबले आणि भाकरीकडं बघत म्हणाले, "तुला जायाचं तर जा. पोर हितं राहू दे. माझ्या ल्योकाचं तेवढंच ऱ्हायलंय."

बोलल्या त्या आत्याबाई. "पोर आईसंगं जाणार. आन् रुक्मिणी काय तुमच्या दावणीला बांधलेली नाय."

मामा ताटावरून उठले. तेव्हापासून त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. तेजूशी फोनवर बोलायचे. मी फोन हातात घेतला की तिकडून आत्याबाईंचा आवाज यायचा.

गारखेड्यात पहिले काही आठवडे मी खोलीत बसून असायची. समोर बिल्डिंग, तिच्यामागं बिल्डिंग. गावाकडं सकाळ मेंढरांच्या आवाजानं व्हायची, इथं कचऱ्याच्या गाडीवरच्या गाण्यानं. दोन्हीनं मला सारखंच वाटायचं, म्हणजे काहीच नाही. शेवटी मंगलताई म्हणाली, "वहिनी, बसून राहू नका. बाजींकडं कामाला हात पाहिजेत."

बाजी म्हणजे ताई; सगळ्या बायका त्यांना तसंच म्हणतात. त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडं. त्यांच्या खालच्या हॉलमध्ये हातानं ग्रीटिंग कार्डं बनतात. दिवाळीची, ईदची, नाताळची, आणि ती पुण्या-मुंबईच्या दुकानांत जातात, थोडी परदेशात. मला आधी नवलच वाटलं. सगळं जग मोबाइलवर शुभेच्छा पाठवतं, मग कागदाची कार्डं घेतं कोण? घेतात. त्यांच्यासाठी आम्ही सहा-सात बायका लांब टेबलांवर वाकून बसायचो.

काम मी लवकर शिकले. रबरी शिक्के लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवलेले असतात. शाईच्या पॅडवर हलकेच टेकवायचे, कागदावर सरळ दाबायचे, सरळ उचलायचे. पहिल्या दिवशी माझा शिक्का हलला. बाजींनी कार्ड वर धरलं. "दाबायचा, डुलवायचा नाही. बघ, तुझ्या दिव्याला दोन ज्योती आल्या." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "आ जाता. फिकर नक्को कर."

शाई ओली असतानाच तिच्यावर सोनेरी पावडर टाकायची, जास्तीची झटकायची आणि गरम हवेच्या यंत्रानं तापवायचं. पावडर वितळते आणि दिवा कागदावर फुगून चमकायला लागतो. नवीन आलेल्या पोरी हे बघून "वा!" म्हणायच्या. मी पुढचं कार्ड घ्यायची. कोपऱ्यात डायचं मशीन होतं, उसाच्या रसाच्या चरकासारखं. कागदावर पात्याचा साचा, म्हणजे डाय, ठेवायचा, खाली-वर जाड पाट्या, आणि हँडल फिरवून रोलरमधून काढायचं. पाटी उचलली की कागदाचं पान, चांदणी, आकाशकंदील सुटा झालेला. बारीक भोकांतले कपटे सुईनं टोकरून काढायचे. ते मला आवडायचं, असं म्हणवत नाही. पण ते करताना वेळ जायचा.

त्या वर्षी आमच्या घरात सण नव्हता. माणूस गेल्यावर वर्षभर दारात पणती नाही, कढई नाही, गोड नाही. आणि मी दिवसभर 'शुभ दीपावली' छापत होते. मला त्यात काही टोचलं नाही, हेच मला विचित्र वाटायचं. घरी जाण्याआधी मी कपड्याच्या साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची, कारण सोनेरी पावडर जाता जात नाही. तरी एकदा ती कपाळावर राहिलीच. जिन्यात शेजारची एक बाई थांबली, माझ्याकडं बघून म्हणाली, "औंदा तर तुमच्याकडं काय नाय ना? मग ही चमक कशाची?"

दुसऱ्या दिवशी मी ते कामावर सहज सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, बायका बोलत होत्या म्हणून. बाजी हातातली कात्री ठेवून उठल्या. "माझ्याच डोक्यात यायला पाहिजे होतं. रुक्मिणी, आजपासून तू दिवे करू नको. नाताळच्या टेबलावर बस."

नाताळच्या कार्डावर एक गोठा होता, बाळ होतं आणि भोवती मेंढरं. मेंढरांची डाय होती. मी पांढरा कागद लावला, हँडल फिरवलं, पाटी उचलली आणि माझ्या हातात ते मेंढरू आलं. गुबगुबीत, कुरळं, आखूड पायांचं, कान दोन्ही बाजूंना आडवे. मी त्याच्याकडं बघत राहिले. मला राग आला. कितीतरी महिन्यांत मला पहिल्यांदा काहीतरी झालं आणि ते हे. मेंढरू असं नसतं. असल्या पायांनी ते कोसभरसुद्धा चालणार नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी काळ्या कार्डपेपरचा एक तुकडा घेतला. त्यातून तेच मेंढरू काढलं, मग कात्रीनं पोट उतरवलं, खाली काळ्याच पट्ट्या चिकटवून पाय लांब केले. कान वेगळे कापून खाली लोंबते लावले.

बाजी डबा घेऊन माझ्यामागं उभ्या होत्या. "काली भेड?"

"आमच्याकडं अशीच असतात, बाजी."

"गिऱ्हाईकानं सफेद सांगितलंय."

"व्हय. हे त्यांच्यासाठी नाही."

त्यांनी कुणासाठी ते विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं. मी ते बिस्किटी रंगाच्या कार्डावर चिकटवलं. आतल्या पानावर शिक्का मारायला घेतला आणि थांबले. शुभ काय म्हणायचं होतं? आतलं पान कोरं राहिलं.

दिवाळीला तेजू आणि मी गावी गेलो. दारात पणती नव्हती. शेजारणी फराळाची ताटं घेऊन येत होत्या, आत्याबाईंजवळ थोडं बसून जात होत्या. मला बघून त्या आवाज उतरवायच्या. आत्याबाई वाळल्या होत्या. मी दुपारी पिशवी घेतली आणि वस्तीमागच्या शेतात गेले. तिथं मामा मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाड्याजवळ बसून एका मेंढीचा खूर साफ करत होते. मी कार्ड पुढं केलं.

त्यांनी हात धोतराला पुसला. कार्ड घेतलं, जवळ धरलं, लांब धरलं. मामांना वाचता येत नाही, आणि त्यात वाचायला काही नव्हतंच. त्यांनी ते उघडलं, कोरं बघून पुन्हा मिटलं.

"हे कुणी केलं?"

"मी."

"कान बरुबर हायेत," ते म्हणाले. मग कार्ड पुन्हा जवळ धरून, "शेपूट लई मोठं झालं."

शेपटाकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. शेपूट साच्यातलंच, परदेशी राहिलं होतं. मी तसं सांगितलं. ते हसले नाहीत, पण त्यांनी कार्ड परतही दिलं नाही. मुंडाशाच्या घडीत सरकवलं आणि खूर पुन्हा हातात घेतला. मी निघाले तेव्हा मागून म्हणाले, "औंदा मेंढरं घिऊन पैठणच्या अंगाला उतरणार हाय. तुमच्या शहराच्या भायेरनं वाट जाती. पोरीला घिऊन ये."

ते थंडीत आले. तेजूला फोनवर निरोप आला की बायपासच्या पलीकडं, तूर काढलेल्या एका रानात मेंढरं बसवलीत. शेतकऱ्याला खत होतं, मेंढरांना पाला मिळतो. रविवार होता. आम्ही रिक्षानं बायपासपर्यंत गेलो आणि रस्ता ओलांडला. एका बाजूला शोरूम, हॉटेलं, वेगानं जाणाऱ्या गाड्या. दुसऱ्या बाजूला काळी मेंढरं, माना खाली घालून. तेजू पळत सुटली आणि कळपात शिरली. मला तो वास आला, ओल्या लोकरीचा आणि लेंड्यांचा. तेजूच्या पप्पांच्या अंगालाही तो असायचा, पिकअप चालवायला लागल्यावरही गेला नव्हता. मी रस्त्याच्या कडेला तशीच उभी राहिले. रडू आलं नाही. मी तिथंच खाली मातीत बसले.

मामा आले आणि जरा अंतर ठेवून बसले. बराच वेळ आम्ही तेजूकडं बघत होतो. मी डब्यातून धपाटी काढली, त्यांनी खाल्ली.

"ती त्याची आठवण काढती का?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"पोर."

"ती रोज काढते. मीच काढत नाही."

त्यांनी मान हलवली. "मलाबी काढता येत नाय. मेंढरं हाकताना बरं असतं. थांबलो की अवघड."

आम्हा दोघांचं तेजूच्या पप्पांबद्दल झालेलं बोलणं तेवढंच. मामा उठले. डोळ्यांवर हात धरून रस्त्यापलीकडं, गारखेड्याच्या बाजूला बघायला लागले. तिथं बिल्डिंगांची रांग होती, सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या.

"ह्यातलं कोनतं?"

मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. बोटानं दाखवलं. पिवळी भिंत, तिच्या डाव्या हाताला मोबाइलचा टॉवर, त्याच्या खाली गच्चीवर दोन निळ्या टाक्या. "ते आमचं," मी म्हणाले.

म्हणून गेले आणि मग माझं मलाच ऐकू आलं. इतके महिने मी 'ताईंची खोली' म्हणत होते. आत्याबाई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. वस्तीवरचं घर माझं नाही असं मी म्हणत नाही. पण बोट तिकडं गेलं, आणि तोंडातून तेच आलं.

मामांनी पिवळी भिंत बघितली, टॉवर बघितला, निळ्या टाक्या बघितल्या. मग वळून मेंढरांकडं बघितलं आणि पुन्हा एकदा तिकडं. चांगला चारा असलेली जागा ध्यानात ठेवायची असली की ते असंच दोनदा बघतात.

"घावंल," ते म्हणाले.