सगळ्यात मागे नुजहत

घमापुरात बायकांचे कपडे शिवणारी नुजहत मुळातच तापट, आणि तिच्या थोरल्या दिराने, ताहिरने, त्या आगीत तेल ओतायचा ठेकाच घेतला होता. मोहल्ल्यातल्या बायका रोज सकाळी तिच्याबरोबर फिरायला जात. त्यांनी मदनमहालची टेकडी चढायचं ठरवलं आणि प्रवासाला निघताना एकाला अमीर, म्हणजे म्होरक्या, नेमायचा रिवाज पाळून तिचंच नाव घेतलं. ताहिर खो खो हसला. "इससे घर की बकरी नहीं सँभलती, ये औरतें सँभालेगी!" वर स्वतःही निघाला, सोबत म्हणून. सोबत कसली, डोंबलाची!

बोलणं झोंबलं, कारण तिलाही आतून तसंच वाटत होतं. आजवर तिने कुणाला कुठे नेलं होतं? बकरी खरंच दोनदा पळाली होती.

त्याच रागात ती तरातरा चढत सुटली, बुरख्याचा घोळ मुठीत धरून, मागे न बघता. अर्ध्यावर वळून पाहिलं तर बायका पांगलेल्या, आणि अमीर म्हणून तिचं नाव पहिल्यांदा पुढे करणारी म्हातारी साजिदाफुफी पार खाली दगडावर गुडघे धरून बसलेली.

"देख लिया?" ताहिर म्हणाला. "तू बुढ़िया के पास बैठ. इन सबको मैं ऊपर ले जाता हूँ."

नुजहतचं अवसान गळालं. खरंच बसावं, असं मनाशी म्हणत ती खाली उतरली. फुफी खेकसली, "इमाम भी पीछे के बूढ़ों को देखकर नमाज़ छोटी करता है. तू किसको दिखाने भागी थी?"

ज्याला दाखवायचं होतं तो वर कमरेवर हात ठेवून उभा होता. नुजहतला स्वतःचीच चीड आली. त्या मेल्यासाठी आपण धावलो आणि जिने आपलं नाव पुढे केलं तिलाच टाकलं! तिने फुफीला हात देऊन उठवलं, सगळ्यांच्या पुढे नेऊन उभं केलं. फुफी बसेल तिथे सगळ्यांनी बसायचं, असं बजावलं.

"शाम हो जाएगी!" ताहिर ओरडला.

राग अनावर झाला की नुजहतच्या तोंडून माहेरचं, अचलपूरचं मराठी निघे. "होऊ द्या ना! अमीर मी आहो. तुम्ही काहून मधात येऊन राहिले? पाण्याची पिशवी उचला आन् चला फुफीसंग!"

त्याला शब्द अर्धेच कळले, पण पिशवी त्याने उचलली.

बसत-उठत फुफी आणि तिच्यामागून एकेक बाई वर पोचू लागली. फोटोसाठी ताहिरने मोबाइल काढला तशी फुफी कडाडली, "पहले अमीर आएगी."

नुजहत अजून खाली होती, दमलेल्या शेवटच्या बाईमागे, धुसफुसत. मोबाइल हातात धरून ताहिर तिची वाट बघत उभा राहिला.