मुकुंदाने थांबवलेला नारळ

माझा मित्र मुकुंदा गेला तेव्हा मी बीबी गावच्या बाजारात होतो. फोन आला आणि भाजी तिथंच टाकून निघालो... त्याला आता महिना झाला. शोकसभा गावच्या सभागृहात झाली, भिंतीतल्या भेगेसमोर. एकजण बोलला, "मानूस देव होता, पन या जागेच्या मातीनं त्याले चकवलं." लोक हळूच हसले. अध्यक्ष मी होतो. मी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

मातीनं त्याला चकवलं नव्हतं. मुकुंदा कृषी महाविद्यालयात मातीच शिकवायचा. सुट्टीत गावी आला की मला विहिरीच्या काठावर नेऊन दाखवायचा. तळाशी काळा दगड, त्यावर मुरूम, वर आपली काळी जमीन. पाणी मुरत मुरत हजारो वर्षांत त्या दगडाचीच चिकणमाती होते, म्हणायचा. मी सरपंच असताना सभागृहाचा पाया खोदला, तेव्हा मीच त्याला बोलावलं. आमच्याकडे मुरूम लागला की पायाच्या खड्ड्यात नारळ फोडतात, आणि नारळ फुटल्यावर कोणी आणखी खोल जात नाही. भर उन्हाळा. हिरवट, टणक थरावर टिकाव खणखणला. मी नारळ उचलला.

"थांब बे. हा मुरूम नाही," मुकुंदा म्हणाला.

"काऊन? टिकाव तं लागून नाही राह्यला."

त्यानं एक ढेकूळ तांब्यातल्या पाण्यात टाकलं. ते फुगलं, साबणासारखं बुळबुळीत झालं. "हा दगड अर्धा माती झाला, अर्धा होऊन राह्यला. पावसात फुगन, उन्हात आकसन. आनखी खाली चाल."

"तुह्या डोक्याचीच माती झाली," मी म्हणालो. बाहेरगावचे मजूर हसले, तोही हसला. मी नारळ फोडला.

पुढच्याच उन्हाळ्यात भिंत फाटली. पारावर कोणीतरी विचारलं, "जागा मुकुंदानं पाह्यली होती ना?" मी म्हणालो, "हाव, पाह्यली होती." शब्द खोटा नव्हता... पण त्यानंतर विहिरीसाठी, घरासाठी, कशासाठीच त्याला कोणी बोलावलं नाही. निवृत्तीनंतर तो गावीच येऊन राहिला. संध्याकाळी माझ्याकडे चहाला यायचा, सभागृह टाळून मागच्या गल्लीनं. त्यानं कधी विषय काढला नाही. मीही नाही.

परवा त्याच्या घरी जाऊन वहिनींना सगळं सांगितलं.

"मले माहीत हाय, भाऊजी. तुमी पारावर बोलले त्याच दिवशी घरी येऊन सांगतलं होतं त्यायनं. मी म्हनलं, पारावर जाऊन बोला. तं म्हने, तो सांगन." फडकं उचलत म्हणाल्या, "मले काऊन सांगता आता? गावाले सांगा."

खिडकीत काचेचे ग्लास होते. वेगवेगळ्या शेतांतली माती मुकुंदानं पाण्यात ढवळून ठेवलेली. रेती तळाला बसली होती, बारीक चिकणमातीनं वरचं पाणी अजून गढूळ होतं. वहिनी खिडकी पुसत होत्या, ग्लासांना धक्का न लावता. पाणी निवळेपर्यंत हात लावायचा नाही, ही त्याची ताकीद त्या घरात अजून पाळतात.