निकानोरच्या डोक्यावरचा निळदाढ्या

आमचा निकानोर ग्वाही, माझ्या पाठचा, पिसांचे मुकुट करतो. अख्ख्या बेनी मुलखात तसा दुसरा हात नाही. आहे म्हणणाऱ्याला माझ्याकडं पाठवा.

पूर्वी जत्रेच्या नाचाला खऱ्या मकाव पोपटांच्या शेपटीची पिसं लागायची. एका मुकुटापायी कितीतरी पाखरं मरायची. त्यातला निळदाढ्या, म्हणजे निळ्या गळ्याचा मकाव, जगात फक्त आमच्या माळावर राहतो, आणि आता चारशेसुद्धा धड उरले नाहीत. म्हणून गावानं ठरवलं, डोक्यावर खरं पीस दिसलं की त्याचा नाच बंद. निकानोर मोताकू माडाची पाती कापून रंगवतो.

यंदा बापानंतर पहिल्यांदाच नाचाचं पुढारपण आमच्या घरात आलं होतं. निकानोर मुकुट घालून, लाकडी तलवार घेऊन चर्चच्या पायरीशी उभा राहिला, तोच चुलतभाऊ फाउस्तो पक्षीरक्षक बेल्त्रानच्या कानाशी लागला. बेल्त्राननं मुकुट निरखून पाहिला.

"ही खरी पिसं आहेत."

निकानोरची छाती फुगली. "वाटतात ना?"

"वाटत नाहीत, आहेत. उतरवा."

तेव्हा कुठं त्याला घाम फुटला. खोटी म्हणावं तर कलेची माती, गप्प बसावं तर नाच गेला. बायको रोसेंदा दंडाला चिमटे काढत होती, अहो सांगा ना, पात्याची आहेत म्हणून.

"सांगतो," तो पुटपुटला, "पण हळू. फाउस्तो ऐकेल."

बेल्त्रान म्हणाला, एक पीस जाळून बघू, खरं असलं तर जळक्या केसासारखा वास येईल. निकानोर मुकुट धरून मागं सरला. फाउस्तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की चोराला धूर सोसत नाही.

इतक्यात वरून एक निळदाढ्या आला. जिवंत. हे पाखरू माळावरची माडांची बेटं सोडून गावात कधी फिरकलेलं नव्हतं. ते थेट निकानोरच्या डोक्यावर बसलं, मधलं पीस मोडलं, चावलं आणि पात्याचा चोथा बेल्त्रानच्या बुटावर थुंकलं.

फाउस्तो गर्दीत मागं सरकला. बेल्त्रान मात्र आरोप विसरून नकाशा उलगडायला लागला.

"हलू नका, ग्वाहीकाका. ह्याचा मुलूख वाढलाय. फोटो होऊ दे."

"आणि नाच?"

"उडाला तर कोण विश्वास ठेवेल माझ्यावर?"

ढोल सुरू झाला. निकानोर खांबासारखा उभा, डोळ्यांत पाणी. मग म्हातारा ढोलवाला वैतागून म्हणाला, "पुढारी जिथं, तिथंच पुढं. फिरा सगळे त्याच्याभोवती." आणि अख्खा नाच घुंगरं वाजवत निकानोरभोवती फिरला. बापाच्या वेळीसुद्धा असं झालं नव्हतं. पाखरानं सगळा मुकुट संपवला आणि मगच ते गेलं.

बेल्त्रानच्या नकाशावर आता गावात एक ठिपका आहे. लोक म्हणतात, चर्चचा. निकानोर म्हणतो, डोक्याचा.

परवा फाउस्तो स्वतःसाठी मुकुट करून मागायला आला. बराच वेळ उंबऱ्यावर घुटमळला, मग म्हणाला, "भाऊ, माझा जरा खोटा दिसू दे."

निकानोरनं साफ सांगितलं, "तसलं मला येत नाही."